भांडायची शिकवणी

आमचे जनू मास्तर खोटं बोलायचे! रोज, ठरवून, चेहरा अगदी गंभीर ठेवून. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पडवीत बसले होते. म्हणाले, "हापूस मूळचा नागपूरचा. आपण उगीच मिरवतो. काय?"

मी म्हटलं, "होय जी."

"अरे मेल्या! रत्नागिरीत उभा राहून होय म्हणतोस?"

मी मंडणगडच्या महारवाड्यातला बी.ए. झालेला पहिलाच. एम.ए.ला घेण्याआधी मुंबईचे प्रोफेसर समोर बसवून बोलून बघणार होते. पुस्तकं मला पाठ होती हो! पण मोठ्या माणसाला उलट बोलायचं नाही, हे आमच्याकडे अक्षरओळखीच्याही आधी शिकवतात. मास्तर हायस्कुलात शिकवायचे, जातीने भंडारी. आमच्यासारख्या पोरांची ही शिकवणी घरी घ्यायचे. म्हणायचे, "वाचायला मी कशाला हवा? माझ्याशी भांडायला शीक."

मग अर्थशास्त्रातलं काहीतरी धडधडीत चुकीचं सांगायचे आणि वाट बघत बसायचे. मी घाम पुसायचो. आतून काकू ओरडायच्या, "थापा मारतायत ते! सोडू नको!"

"तू गप. त्याला बोलू दे."

"तुमच्याशी भांडायचा सराव मलाच जास्त!"

एकदा चिडून मी म्हटलं, "साफ चूक!" आणि लगेच हात जोडून उभा राहिलो. मास्तर म्हणाले, "बस. आता बसून म्हण."

मुंबईत प्रोफेसर हसत म्हणाले, "तुमचे कोकणी लोक शेतीला कंटाळतात, म्हणून गिरणीत येतात." होय सर अगदी ओठांवर आलं होतं! मी खुर्ची घट्ट धरली. "नाही सर. कातळावर माती वीतभर. एक भात निघालं की पुढे खायचं काय?" मग ते विचारत गेले, मी सांगत गेलो, आणि त्यांनी मला घेतलं! घेतलं!

बोटीतून उतरलो तो धावतच मास्तरांकडे. सगळं सांगितलं. काकू म्हणाल्या, "ह्यांनाही असंच बोलावलं होतं, एम.ए.ला."

"मग?"

"प्रोफेसर म्हणतील त्याला मी होय सर म्हटलं," मास्तर म्हणाले. "शेवटी म्हणाले, मुलगा फार नम्र आहे, शाळामास्तर चांगला होईल."

"एवढं एक त्यांचं बरोबर होतं, मास्तर."

त्यावर मात्र मास्तर भांडले नाहीत.