सासऱ्यांनी आणलेलं नायलॉन
टायफॉइडनं माझ्या आतड्याला भोक पाडलं तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ठाण्यातल्या एका नर्सिंग होममध्ये ऑपरेशन झालं. नाकात नळी, हातात सलाईन, घोटभर पाणीसुद्धा बंद. बाळकुमच्या आमच्या कोळीवाड्यात माझ्या जिभेला भलेभले टरकायचे, पण त्या खाटेवर मी पुरती जेरबंद झालेली. त्यात सासू मासळी बाजारात, नवरा कंपनीत, म्हणून सोबतीला दिवसभर सासरे! त्यांच्यासमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. आमच्या घरात सासरा सुनेच्या हातात वस्तूही देत नसे, खाली ठेवायचा. मला पदर डोक्यावर घेता येईना, म्हणून तेच बिचारे भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसायचे.

डॉक्टर म्हणाले, आतड्याला घातलेला धागा आपोआप विरघळतो. हे ऐकून सासरे हबकलेच. जाळी विणण्यात जन्म गेलेला त्यांचा! दुसऱ्या दिवशी खिशातून जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याची गुंडाळी काढून डॉक्टरांपुढे धरली.

"ह्यो घाला. जालं फाटल, पन ह्यो नाय तुटाचा."

डॉक्टर हसले. "बाबा, आतडं स्वतःच सांधलं जातं. तोवर धरून ठेवायला धागा."

"आन त्याच्या आधीच इरघलला त?"

"वारा सरला की समजायचं, आतडं चाललं. मग पाणी देऊ."

तेव्हापासून मलाही दुसरं काही सुचेना. धागा आधी विरघळणार की मांस आधी सांधणार? तहानेनं जीभ टाळूला चिकटलेली.

एके सकाळी वारा सरला. पण सांगू कसं? सिस्टर दारातूनच ओरडली, "काय गं, सरला का वारा?" अगं बाई, सासरे बसलेत ना! लाजेनं मेले मी. डोळे मिटून घेतले. संध्याकाळी डॉक्टरांनी विचारलं, तरी गप्प. त्यांचा चेहरा उतरला.

"टाका सुटला असेल तर पोट पुन्हा उघडावं लागेल."

बघते तर सासऱ्यांची पाठ हलत होती. भिंतीकडे तोंड करून रडत होते ते, माझ्यासाठी. मग कसली लाज नि कसलं काय!

"मामा, सरला वारा! सकालीच सरला! रडू नका!"

शेजारच्या खाटेवरची बाई फिसकन हसली. डॉक्टरांनी पोट तपासलं आणि चमचाभर पाणी द्यायला सांगितलं. सासऱ्यांनी पेला भरला आणि सवयीनं खाली फरशीवर ठेवला. मग माझ्या सलाईनच्या हाताकडे बघितलं, पेला उचलला आणि चमचा माझ्या ओठांना लावला.