चोराचा फोन

आमच्या रिओत शहाणा माणूस दोन फोन बाळगतो. एक स्वतःचा, तो चड्डीत. दुसरा चोराचा, तो खिशात. चोर आला की दुसरा द्यायचा आणि आपली वाट धरायची. पण परदेशी पाहुण्यांना एवढी अक्कल कुठली! नवा कोरा फोन नाकासमोर धरून रस्ता शोधतात, आणि तो गेला की फुटपाथवर बसून भोकाड पसरतात.

त्यांना शहाणं करायचा विडा इरासीबाईने उचलला होता. कातेते भागात तिचं पाहुणे ठेवायचं घर, आणि समोर माझं बिअर नि माशाच्या वड्यांचं दुकान. पाहुणा दारात आला की पाणी विचारायच्या आधी बाईच्या तोंडाचा पट्टा सुरू. "घड्याळ काढ. पिशवी पोटावर घे. चोराशी भांडायचं नाही, कळलं? मढं तुझ्या देशात पाठवायला मला वेळ नाही." मग स्वयंपाकघरातला बिस्किटांचा डबा पुढे यायचा. त्यात फुटक्यातुटक्या फोनांची रास. त्यातला एक घेतल्याशिवाय कुणाला बाहेर सोडत नसे.

तिचा नवरा ओलावो पलीकडच्या इमारतीचा दरवान होता. भयंकर कटकट्या. दिवसभर फाटकाशी बसून बायकोला फोनवर आपल्या आवाजात निरोप पाठवायचा. कडी लावलीस का, गॅस बंद केलास का. तो गेला तेव्हा सगळी गल्ली रडली, आणि खरं सांगतो, दुपारी निवांत झोपलीसुद्धा. इरासीबाई मात्र रोज संध्याकाळी राजमा शिजत ठेवून त्याच्या जुन्या फोनमधलं एक बोलणं ऐकायची; तिच्या फोनातले निरोप केव्हाच पुसले गेले होते. तो फोन ठेवायची कुठे? त्याच डब्यात, तळाशी! "भंगाराला कोणता चोर हात लावतो?" म्हणायची. ते बोलणं दुसरीकडे उतरवून ठेव म्हणून मी घसा कोरडा केला, पण ऐकेल ती इरासी कसली.

मग आला डेन्मार्कचा येप्पे. ताडमाड उंच आणि भलताच गुणी. चोराला अगदीच वाईट वाटायला नको म्हणून त्याने डबा तळापर्यंत उपसला आणि त्यातल्या त्यात बरा फोन निवडला. दुपारी नाचत परत आला. "मोटरसायकलवाल्याने मागितला, मी लगेच दिला! थँक यू पण म्हणालो!" इरासीबाईने त्याची पाठ थोपटली, कॉफी पाजली. संध्याकाळी राजमा चढवून तिने डबा उघडला, आणि तिची किंकाळी माझ्या दुकानापर्यंत आली.

येप्पेला बोलणार काय, कपाळ? पोराने तिचंच ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाई बाहेर पडली ती गळ्यात सोन्याची साखळी, वर येप्पेचा कॅमेरा, डोक्यावर गवती टोपी आणि हातात स्वतःचा चांगला फोन उंच धरून.

"हे काय सोंग?" मी विचारलं.

"तो चोर मला सापडत नाही ना? मग मी त्याला सापडते."

मेट्रोच्या तोंडाशी ती दिवसभर येरझाऱ्या घालत राहिली. पण तिला लुटणार कोण? फळवाला ओरडला, "बाई, फोन आत घाला!" पोलिसाने विचारलं, "मावशी, तब्येत बरी आहे ना?" असं बरेच दिवस चाललं. शेवटी एका दुपारी सुजलेले पाय घेऊन ती माझ्या खुर्चीत कोसळली.

"मेले गेले कुठे सगळे चोर? परदेशी दिसला की मुंग्यांसारखे येतात!" आणि एकदम रडायलाच लागली. "त्याचा आवाज विसरत चाललेय रे मी. म्हणून तर रोज लावायचे."

मी तिच्यापुढे उसाच्या दारूचा पेला ठेवला.

तेवढ्यात दुकानासमोर मोटरसायकल थांबली. मी झारा घेऊनच बाहेर धावलो. पण त्या हेल्मेटवाल्याने काही हिसकावलं नाही, उलट एक फोन पुढे केला.

"घ्या मावशी. सगळं कातेते म्हणतंय तुम्हाला वेड लागलंय. फोन विकायच्या आधी चालू केला, तर हा म्हातारा मलाच झापायला लागला. दरवान ओलावोच ना हा? शाळेत असताना आम्हाला फाटकावरून हाकलायचा. दचकून हातातून पडला असता फोन."

"हेल्मेट काढून बोल, मेल्या!"

"नको. तोंड ओळखाल." त्याने गाडी वळवली. "आणि ती साखळी आत घाला. चोर फार झालेत."

इरासीबाईने बटण दाबलं. ओलावो असा गरजला की मलाही दारात ऐकू आलं.

"इरासी! रस्त्यात असशील तर हे ऐकू नकोस. फोन आत घाल, घरी जा, कडी लाव, मग ऐक."

"हो रे बाबा, हो. चालले," म्हणत तिने फोन पोलक्यात खुपसला आणि रस्ता ओलांडला. पुढे तो काय म्हणाला, मला माहीत नाही. समोरून कडी लावल्याचा आवाज तेवढा आला.