हवा बघायला वर जाणारा

नव्वदच्या दशकात मी मुरबाडहून जीपने आणि पुढे तासभर चालत डोंगरातल्या एका वाडीवर शिकवायला जायचो. शाळेच्या पुस्तकपेटीत जुन्या विमानांचं एक पुस्तक होतं. हवामान बघण्यासाठी बनवलेलं विमान त्यातलं माझं लाडकं. एकावर एक दोन पंख, मधल्या दांडीला बांधलेला तापमापक आणि उघड्यावर कुडकुडत बसलेला वैमानिक. रोज सकाळी ढगांच्या वर जायचा, आकडे टिपून खाली यायचा. हे मी इतक्यांदा सांगितलं की पोरं वैतागली असणार.

वाडीतही असा एक माणूस होता. कापणीच्या दिवसांत एक म्हातारबाबा पहाटे टेकडीवर चढायचा, आभाळ बघायचा आणि वरून हाक द्यायचा. "कापा" म्हटलं की वाडी विळे घेऊन शेतात. कापलेलं भात दोन दिवस शेतातच वाळत पडतं. त्यात पाऊस आला की संपलंच.

एका वर्षी त्याने हाक दिली आणि संध्याकाळी पाऊस धो धो कोसळला. सगळ्यांचं भात पाण्यात. त्याला कोणी काही बोललं नाही, तेच त्याला लागलं. पुढच्या वर्षी भात पिकलं तरी बाबा टेकडीवर जाईना आणि त्याच्या हाकेशिवाय कोणी विळा उचलेना. दाणे गळायला लागले.

मला राहवेना. पुस्तक काखेत मारून त्याच्या ओट्यावर गेलो, चित्र दाखवलं. म्हटलं, "बाबा, हा पण चुकायचा."

"मंग दुसऱ्या दिवशी जायाचा?"

पुस्तकात तसलं काही नव्हतं. मी ठोकून दिलं, "जायचा."

बाबाने चित्रावर बोट ठेवलं. "याचं भात होतं का खाली?"

"नाही."

"मंग याचं काय जातंय," म्हणत त्याने पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. मी पुरता ओशाळलो. मोठा आलो होतो शहाणपण शिकवायला!

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा टेकडीवरून उतरताना दिसला. हाक मात्र दिली नव्हती. म्हातारीला घेऊन तो सरळ स्वतःच्या शेतात शिरला आणि कापायला लागला. लोकांनी विचारलं, तर म्हणाला, "आज माझं. तुमचं उद्या सांगतो."

दुपारी पाऊस आला. शाळा सोडून मी धावत गेलो. बाकी वाडीचं भात उभं होतं, बाबाचं तेवढं आडवं पडून भिजत होतं. तो बांधावर उभा होता, चेहरा मात्र वर्षभरात पहिल्यांदाच मोकळा.

"चुकलो, गुरुजी," तो म्हणाला. "पन माझंच भिजलं. उद्या जातो वर."