डोअरकीपर आणि शेवटची दहा मिनिटं

आमच्या अप्पांना अख्खं सोलापूर भुतांतलं कळणारा माणूस म्हणून ओळखतं. अख्खं म्हणजे एक्केचाळीस हजार लोक, त्यांच्या यूट्यूब चॅनेलचे सबस्क्रायबर. घरात त्यांना 'तुम्हाला लई कळतं' असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही, पण बाहेर मान फार. नव्या पेठेतल्या चष्म्याच्या दुकानात मी कामाला आहे. तिथं गिऱ्हाईक फ्रेम नाकावर चढवतं आणि मलाच विचारतं, "अंकिताताई, शुक्रवारचा भुताचा पिक्चर कसाय? अप्पा काय म्हणले?" जसं काही भुतांचं पंचांग आमच्याच घरात निघतं.

अप्पा म्हणजे माझे वडील शिवलिंगप्पा, वय अडुसष्ट. स्टेशनकडच्या एका टॉकीजमध्ये ते एकतीस वर्षं डोअरकीपर होते. तिकीट फाडायचं, बॅटरी मारून खुर्ची दाखवायची, शिट्ट्या मारणाऱ्यांना दम द्यायचा आणि दाराच्या पडद्याशी उभं राहून पिक्चर बघायचा. मग टॉकीज पाडली, तिथं मंगल कार्यालय उभं राहिलं, आणि अप्पा घरी बसून आईचं डोकं खायला लागले. शेवटी मीच वैतागून मोबाईल त्यांच्यासमोर धरला आणि म्हटलं, "जे काय बोलायचंय ते याच्याशी बोला." आता भोगतेय. दर शुक्रवारी संध्याकाळी कामावरून येऊन त्यांचा व्हिडिओ काढायचा आणि चढवायचा, ही माझी दुसरी नोकरी.

बोलतात मात्र झकास, ते नाकारून चालणार नाही. "जुन्या पिक्चरमधलं भूत लई शिस्तीचं," ते सांगतात. "पांढरी साडी, हातात मेणबत्ती. एक गाणं म्हणणार, जाणार. मधल्या काळातलं भूत म्हणजे रबराचा मुखवटा घातलेला पैलवान. आंगुळ करणाऱ्या बाईच्या मागं का लागलाय, त्यालाच म्हाईत न्हाई. आणि आत्ताचं? दोन तास नुसतं दार वाजवलालंय. अरे ये की आत बे, कोण अडवलाय तुला?" मग पाचापैकी दचके देतात. तीन दचके मिळाले तर पिक्चर चालतो. एक दचका म्हणजे झालं त्याचं तेरावं.

आणि प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी एकच वाक्य. "शेवट सांगणार न्हाई. शेवट सांगणारा पुढच्या जल्मी डोअरकीपर होतो." लोक यावर फिदा. खाली कॉमेंट काय, तर खरा समीक्षक, संस्कारी समीक्षक, अप्पांकडून शिका. मलाही वाटायचं, चला, एक तरी गुण आहे.

तरी मला शंका यायला हवी होती. घरी ते जुने पिक्चर मोबाईलवर बघतात. नायिकेचे केस सुटले, वाजंत्री वाढली, की हे उठणार, घराचं दार सताड उघडणार आणि मोबाईलकडे पाठ करून उंबऱ्यात उभे राहणार. "हवा येऊ दे," म्हणायचे. मी म्हणायची, वय झालं. थेटरात मी त्यांच्याबरोबर कधी जात नाही. मला भुतं आवडत नाहीत, घरात एक पुरे आहे.

तर गेल्या महिन्यात 'वाघर' नावाचा पिक्चर लागला. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. सांगोल्याकडच्या एका वाडीवरच्या अभिमन्यू नावाच्या पोरानं चार वर्षं खपून तो केला होता. माळावर धनगरांचा तळ पडलेला, रोज सकाळी मोजली की एक मेंढरू कमी. बस, एवढंच. अप्पा शुक्रवारी पहिला खेळ बघून आले ते हात चोळतच. मला वाटलं, आज कुणाची तरी कंबख्ती भरली.

"अर्धा दचका," त्यांनी जाहीर केलं. "तोबी माझ्या शेजारचा माणूस शिंकला म्हणून. दोन तास मेंढरं मोजलालेत. मला झोप लागली तर दोष कुणाचा? सगळं हाय की पिक्चरमध्ये, माळ हाय, कुत्रं हाय, भूत तेवढं आणायचं विसरले." मी खदाखदा हसले. हसत हसत त्यावर मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं, 'भूत हरवले आहे, सापडल्यास कळवावे.' माझीच अक्कल. व्हिडिओ तुफान चालला.

शनिवारी दुपारी अभिमन्यू आमच्या दारात उभा. काटकुळा, दाढी वाढलेली. मी आधीच कंबर कसली. म्हटलं, "हे बघा, आवडलं नाही तर नाही म्हणणारच. सगळ्यांनी तुमची आरती ओवाळायची का?"

"भांडायला न्हाय आलो, ताई," तो म्हणाला आणि अप्पांसमोर खाली सतरंजीवरच बसला. "अप्पा, एकच विचारायचं व्हतं. शेवट कसा वाटला?"

अप्पा ऐटीत म्हणाले, "शेवट मी सांगत नसतो."

"मला सांगा की. मीच केलाय तो."

यावर अप्पा पंख्याकडे बघायला लागले. मग भिंतीकडे. मग माझ्याकडे, जणू उत्तर मी देणार. आईनं चहा आणला, तो तसाच निवत पडला.

"तुमी म्हणला भूत न्हाय," अभिमन्यू म्हणाला. "माझी आईच भूत हाय की. शेवटच्या दहा मिनटांत. त्याच्या आधी नुसता तिचा आवाज हाय, मेंढरांना हाळी देती तो. उद्या वाडीवरनं चाळीस माणसं टेंपो करून येणार हायती. आईनं अजून स्वतःला पडद्यावर बघितलं न्हाय. आन् मॅनेजर म्हणतोय, व्हिडिओ बघून माणूस फिरकंना, आजच्याला उतरवतो."

मी अप्पांना विचारलं, "तुम्ही कुठं होता शेवटी?"

"दाराशी," अप्पा म्हणाले.

"कसल्या दाराशी?"

"दार उघडायला नको का? शेवटची दहा मिनटं आली की डोअरकीपरनं बाहेर जायचं असतंय. दारं उघडायची, पुढच्या खेळाची गर्दी अडवायची. एकतीस वर्षं तेच केलो. आता पाय आपोआप उठतात. बाहेर येऊन दाराशी उभा राहतो, तिथल्या पोरांना वाटतं म्हातारा बाथरूमला आलाय." आणि मग खाली मान घालून, "अंकिता, मी एकाबी पिक्चरचा शेवट बघितलो न्हाई."

अय्यो देवरे! साडेतीनशे व्हिडिओ. एक्केचाळीस हजार लोक. आणि या गृहस्थाला एकाही भुताचं पुढं काय झालं ते ठाऊक नाही! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अहो, पण निदान गप्प तरी बसायचं! न बघता 'भूत नाही' कशाच्या जोरावर सांगितलंत?" आणि हे बोलताना मला ती लाल अक्षरं आठवली, ती तर मीच लिहिली होती. लाज वाटली. खोटं कशाला सांगू, अप्पांपेक्षा स्वतःची जास्त वाटली.

मला वाटलं अप्पा आता काहीतरी थाप मारून निसटतील. एकतीस वर्षं ब्लॅकवाल्यांना तोंड दिलेला माणूस. पण ते उठले, धुतलेला शर्ट घातला आणि म्हणाले, "मोबाईल धर."

व्हिडिओ दीड मिनिटाचा झाला. "मी शिवलिंगप्पा. आजपर्यंत एकाबी पिक्चरचा शेवट बघितलो न्हाई. सांगत न्हाई म्हणत होतो, ते खोटं. म्हाईतच नव्हता. 'वाघर'मध्ये भूत हाय. मी बघितलो न्हाई, म्हणून न्हाई म्हणलो. माझं चुकलं."

लोकांनी काय केलं? जे करायचं ते केलं. कालचा संस्कारी समीक्षक आज ढोंगी म्हातारा झाला. दिवस मावळायच्या आत पाच हजार लोक चॅनेल सोडून गेले, आणि उरले ते शिव्या द्यायला थांबले. अप्पा सगळ्या कॉमेंट मला मोठ्यानं वाचायला लावत होते. मी मधल्या गाळल्या. मग ते स्वतः मॅनेजरकडे गेले, त्याच्या खोलीबाहेर तासभर उभे राहिले आणि रविवारी सकाळी नऊचा एक खेळ मिळवून आले. एकच.

रविवारी मी बरोबर गेले. चाळीस वाडीकर, आम्ही दोघं आणि झोपायला आलेले तिघं. पिक्चर खरंच रटाळ होता, ते अप्पांनी खोटं सांगितलं नव्हतं. पण शेवटाकडे ती हाळी जवळ जवळ यायला लागली, आणि माझ्या शेजारी अप्पांचे गुडघे हलायला लागले. ते अर्धे उठले. त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची धरली आणि स्वतःला परत खाली दाबून बसवलं.

पडद्यावर वाघर रिकामी होती. एकही मेंढरू नाही. मधोमध एक बाई पाठमोरी बसलेली, बोटांवर काहीतरी मोजत. मोजता मोजता ती वळली आणि सरळ आमच्याकडे बोट करून पुढचा आकडा म्हणाली.

अप्पा ओरडले. अडुसष्ट वर्षांचा माणूस, भर थेटरात, "यव्वा!" म्हणून ओरडला आणि माझा दंड धरला. वाडीकरांना कसलं भ्या? ते शिट्ट्या मारत होते, "आगं तानाबाईच की ही!" म्हणत एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते.

बाहेर आलो तेव्हा तानाबाई पायऱ्यांशी उभ्या होत्या. नवं कोरं लुगडं, कपाळभर कुंकू. अभिमन्यूनं ओळख करून दिली. मी मनात म्हटलं, आता ऐका चार शब्द, हक्कच आहे त्यांचा. पण त्यांनी पदर नीट केला आणि लाजत एवढंच विचारलं, "दिसले का वो मी?"

अप्पांनी हात जोडले. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते पुसायची घाई त्यांनी केली नाही.

"दिसला, आक्का," ते म्हणाले. "परवाबी तुमी होताच. मीच न्हवतो."