काकाजींची धानाची पेटी

दुसऱ्याच्या प्रवासाची आमच्या घरमालक काकाजींइतकी काळजी करणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात झाला नाही आणि होणारही नाही, हे मी कुठल्याही देवळात उभा राहून सांगायला तयार आहे. ते एस.टी.त कंडक्टर होते. उभी नोकरी भंडारा, तुमसर, सिहोरा आणि परत भंडारा अशी गेली. त्यापलीकडे म्हणाल तर एकदा नागपूरला डोळे दाखवायला गेले होते, तिथलं पाणी मानवलं नाही म्हणून संध्याकाळच्याच गाडीनं परत आले. निवृत्त झाल्यावर मात्र या माणसानं लोकांना हिंदुस्थानभर पाठवायचा उद्योग मांडला. एक छदाम घ्यायचे नाहीत. सत्तर सालानंतरचे ते दिवस. भंडाऱ्यातले लोक नुकतेच लग्नकार्याशिवायही गावाबाहेर पडायला लागले होते. गल्लीत कोणी होल्डॉल उन्हात टाकलेला दिसला की काकाजी त्या घरी हजर. "कुठी जाऊन राहिले?" हा पहिला प्रश्न. उत्तर काहीही आलं तरी दुसरा ठरलेला: "काहून?"

यात्रा कंपन्यांचा त्यांना मनस्वी राग. "सगळे आपले एकाच गाडीत, एकाच धर्मशाळेत! अरे बाप्पा, सदरा शिवाले माप देता, अन् प्रवास मात्र दुसऱ्याचा घालता!" मग ते माप घ्यायला बसत. झोपेत कोण घोरतं, घाटात कोणाला मळमळतं, भूक लागली की कोणाचा पारा चढतो, हे सगळं ते नव्या सुनेला तिच्या सासूसमोर खुशाल विचारत. बाजारातल्या एका भांड्यांच्या व्यापाऱ्याला दुपारी जेवल्यावर झोप लागायची, ती नाही मिळाली तर माणूस कामातून जायचा. काकाजींनी त्यांची उत्तरेची सहल अशी बेतली, की दुपार झाली की नवराबायको कुठल्या ना कुठल्या स्टेशनच्या थंडगार वेटिंगरूममध्ये. आग्र्याला दोघांचा ताजमहाल राहून गेला, पण परत आले ते असे टवटवीत, की व्यापारी महिनाभर गिऱ्हाइकांना आग्र्याच्या वेटिंगरूमचं वर्णन ऐकवत होता.

पण जोडप्यांसाठी काकाजींचं खरं माप म्हणजे पेटी. पत्र्याची, दोन बाजूंना दोन कड्या, आत गळ्यापर्यंत धान भरलेलं. नवरा-बायकोनं एकेक कडी धरायची, वैनगंगेचा पूल ओलांडून कारध्याला पेटी टेकवायची आणि परत यायचं. मागून काकाजी सायकलवर, डोक्यावर छत्री. कोणी आधी थांबा म्हटलं, दुसऱ्यानं तोंड वाकडं केलं का, हे पाहत पाहत ते इतकी हळू सायकल चालवत, की ती पडत कशी नाही याचंच लोकांना नवल. पेटी आली की प्रवास ठरला. एका वकिलाला बायकोसह काश्मीरला जायचं होतं. दोघं पुलाच्या मध्यावरच एकमेकांचं माहेर आणि सासर काढायला लागले. काकाजींनी त्यांना रामटेक दिलं, तेही संध्याकाळी परत. वकीलसाहेब उखडले, हट्टानं काश्मीरला गेले, आणि परतीच्या गाडीत नवरा एका डब्यात आणि बायको दुसऱ्या डब्यात बसून आली. आठवडाभर काकाजींचा चेहरा बघण्यासारखा होता. मित्रमंडळी, भाऊभाऊ, सासरे-जावई यांना पेटी नसे. "त्याइले कायले? ते कुठीबी झोपतेत." पेटी फक्त जोडप्यांना, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आता आमचं सांगतो. मी शाळेत मास्तर, माझं गाव वर्ध्याकडचं. वसंता एका दवाखान्यात कंपाउंडर, त्याच्या घरची सिहोऱ्याला धानाची शेती. काकाजींच्या माडीवर आम्ही दोघं भाड्यानं राहत होतो. गावाला वाटे, दोन सडे मित्र आहेत, भाडं वाचवतात. खरं म्हणजे आम्ही नवरा-बायकोसारखे राहत होतो, आणि आज हे सांगताना मला काही वाटत नाही. तेव्हा मात्र जिन्यावर पाऊल वाजलं तरी आम्ही दोन कोपऱ्यांत बसायचो. त्या वर्षी वसंताच्या मोठ्या भावानं त्याच्यासाठी मुलगी पाहिली. धान निघालं की लग्न. वसंताला भावासमोर तोंड उघडता येईना, त्यानंच त्याला लहानाचं मोठं केलेलं. रात्री तो नुसता आढ्याकडे बघत पडायचा. शेवटी आम्ही ठरवलं, की लग्नाआधी एकदा दोघांनी लांब कुठेतरी जाऊन यायचं, आणि मग जे होईल ते होईल.

काकाजींना सांगितलं, "दोघं मित्र चार दिवस जाऊन येतो म्हणतो." रविवारी सकाळी हाक आली म्हणून खाली उतरलो, तर अंगणात पेटी.

मी पेटीला हात न लावताच विचारलं, "काकाजी, ही तर... जोडप्याची ना?"

"हाव. उचला."

वसंता पांढराफटक. काकू दारात तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "त्याइच्या डोक्यात शिरलं का शिरलं, मास्तर. ऊन व्हायच्या आत जाऊन या."

उचलली. गल्लीतून जाताना कोणाच्या तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती. कोणी दात घासता घासता थांबलं, कोणी खिडकी उघडली. पुलावर वारा लागला तेव्हा कुठे श्वास घेतला. मला उजवा खांदा दुखतो हे वसंताला माहीत, त्यानं न सांगता बाजू बदलली. त्याच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरायला लागला, तसा मी चाल हळू केली. मागून सायकल कुरकुरत येत होती.

परत आलो तर ओट्यावर वसंताचे मोठे भाऊ चहा पीत बसलेले. सकाळच्या गाडीनं आले होते. "वसंता, ही कायची हमाली करून राहिला बे?"

"हमाली नाई, परीक्षा आहे," काकाजी सायकल भिंतीला लावत म्हणाले. "दोघाइले लांब पाठवाचं आहे."

"कुठी नाई जात तो. लगन आहे त्याचं."

"मंग तुम्ही उचला एक कडी. लगन तुम्ही ठरवलं न!"

भाऊ इरेला पेटले. कपबशी ठेवून त्यांनी कडी धरली, दुसरी वसंतानं. भाऊ मोठे, त्यांची चालही मोठी. वसंता मागे फरफटत चाललेला. गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आत पेटी कलंडली, झाकण उघडलं आणि पसाभर धान रस्त्यावर. भाऊ वाकून धान गोळा करायला लागले. काकाजीही शेजारी उकिडवे बसले. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "भाऊ, म्या जलमभर गाडीत जोडपेच पाहिले. कोण कोणाची जागा धरते, कोण कोणासाठी खिडकी सोडते. हे पोरं कारध्यापर्यंत जाऊन आले, पेटी एकदा कलली नाई. अन् तिकडे कोणाची तरी पोरगी आहे. तिच्या हाती एक कडी देसान, दुसरी धरणारा इथंच राहीन. तिनं काय पाप केलं?"

भावांनी उरलेलं धान वेचलं, पेटीत टाकलं, झाकण लावलं. दुपारच्या गाडीनं गेले ते वसंताशी एक शब्द न बोलता. त्यांनीच लग्न मोडल्याचं पुढे कोणाकडून तरी कळलं. त्या मुलीला तुमसरकडचं चांगलं स्थळ मिळालं, हेही कळलं, आणि वसंता त्या रात्री पोटभर जेवला.

आम्हाला काकाजींनी कन्याकुमारी दिली. एवढा लांबचा प्रवास त्यांनी आधी कोणाला दिला नव्हता. वसंताला दोन वेळा भात लागतो, तो तिकडे मिळेल. मला घाट सोसत नाही, म्हणून होईल तितकी आगगाडी. आणि निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, तिकडे आपली बोली कोणाले समजत नाई. जे बोलाचं असंन ते मोठ्यानं बोला." या एका वाक्यासाठी मी त्यांचे पाय धरायला हवे होते, मी नुसता हो म्हणालो. समुद्रावर, माणसांच्या गर्दीत, वसंतानं माझा हात धरला आणि छाती भरून श्वास घेऊन ओरडला, "मास्तर, मले भूक लागून राहिली!" इतकी वर्षं मनात साठवलेलं काहीबाही बोलायचं सोडून हा पठ्ठ्या भुकेवर आला. आम्ही हसून हसून वाळूत बसलो.

त्यानंतर काकाजींनी आम्हाला पुष्कळ फिरवलं, स्वतः कुठे गेले नाहीत. एका हिवाळ्यात दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन ते गेले. तेरवीला अंगणात पंगत बसली. वाढणाऱ्यांनी मला शाळेच्या मास्तरांत बसवलं आणि वसंताला सिहोऱ्याकडच्या मंडळींत, त्याच्या भावाच्या शेजारी. भाऊ मधल्या वर्षांत आमच्या माडीची पायरी कधी चढले नव्हते, वसंताही सणावाराला एकटाच घरी जाऊन यायचा. पानावर भात पडला, तेवढ्यात भाऊ उठले. आपलं पान त्यांनी दोन्ही हातांनी उचलून एक जागा पलीकडे सरकवलं आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले, "मास्तर, तिकडे कायले बसले? इकडे या. वसंताच्या बाजूले तुमची जागा आहे."

मी उठून गेलो. वसंता मान खाली घालून भात कालवत होता, कालवतच राहिला. माझ्या डोळ्यांना धार लागली. लोकांना वाटलं, मास्तर काकाजींसाठी रडून राहिले.