डाकबाबूंची घंटी

डाकबाबू सायकलवर कधीच कुणाच्या पुढे गेले नाहीत. उभा जन्म सायकलवरून टपाल वाटलेला माणूस, चढावरही पाय टेकत नसे. पण रविवारी सकाळी आम्ही चार म्हातारे सौंदडहून नवेगाव बांधच्या तलावाकडे निघालो की ते हटकून शेवटी. "पुढच्याले रस्ता दिसते," ते म्हणत, "मांगच्याले माणसं दिसतात."

जंगल लागले की त्यांचा नियम सुरू होई. ते मागून दोनदा घंटी वाजवत, पुढच्याने एकदा वाजवून उत्तर द्यायचे. धोका दिसला तर घंटी वाजवतच राहायची, म्हणजे मागचा जागीच थांबेल. उत्तरच आले नाही, तर पुढचा पडला असे समजून ते धावत येत. मी मुळात भित्रा. पाला सळसळला तरी जोरात पायडल मारी. "काऊन पळून राहिला बे?" ते ओरडत. "तुहं सुकं हाडूक खाऊन अस्वल काय करते?"

मोहफुलांच्या दिवसांत एका रविवारी डाकबाबू आणि मी, दोघेच होतो. वळणावर मोहाखाली अस्वल फुले खात होते. मी पुढे निघून गेलो आणि त्याने मान वर केली. मागून दोन घंट्या आल्या. अंगठा घंटीवर होता. वाजवली तर ते माझ्याकडे वळेल, एवढेच मनात आले. पुन्हा दोन घंट्या. मग चेनचा खडखडाट आणि हाक, "अरे, पडला का बे?" मी पायडल मारत राहिलो. किंकाळी ऐकली तेव्हाही.

मोह वेचायला आलेल्या बायांच्या आरडाओरड्याने अस्वल पळाले. डाकबाबूंचा उजवा हात कायमचा गेला. मी गावात सांगितले, "त्यांची घंटी आलीच नाही, नाहीतर उत्तर दिलं असतं." दवाखान्यात लोकांनी विचारले, तेव्हा डाकबाबूंनी माझ्याकडे पाहिले. "नसन वाजवली," म्हणाले. "इसरलो असन." लोक गेल्यावर त्यांनी हळूच विचारले, "तुले तं नाही ना लागलं?"

त्यानंतर ते सायकलवर बसले नाहीत. गेल्या हिवाळ्यात वारले. शोकसभेत कुणीतरी मायेने म्हणाले, इतका जपणारा माणूस, पण त्या दिवशी घंटी विसरला. मी मान डोलावली.

अजूनही त्या वळणावर माझा अंगठा थिजतो. डाकबाबू विसरले नव्हते. घंटी दोनदा वाजली, मग पुन्हा दोनदा. मी चारही ऐकल्या होत्या.