पारबताबाईच्या झाडाखाली पवित्र सप्ताह

वसईहून निघालो तेव्हा एप्रिलच्या उकाड्यात माझ्या गळ्याभोवती लोकरी मफलर होता. लोक बघताहेत, असं बायकोने स्टेशनवर दोनदा सुचवून पाहिलं. पण गळा जपणं भाग होतं. गडचिरोलीच्या जंगलातल्या एका छोट्या धर्मग्रामाने (पॅरिशने) मला पवित्र सप्ताहात प्रभूच्या दुःखसहनाची कथा गायला बोलावलं होतं. आमच्या चर्चमध्ये ती वर्षानुवर्षं मीच गातो. येशूला क्रुसाची शिक्षा देणाऱ्या पिलाताच्या वाक्यांना मी जो आवाज लावतो त्याने पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्या दचकतात, हे नम्रपणे नमूद करतो.

चंद्रपूरला रेल्वे सोडून एसटी धरली. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता माझ्या गळ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "गालफुगी झाली का जी?" मी होकारार्थी मान हलवली. तेवढ्यावर शेजारचा प्रवासी उठून मागच्या सीटवर गेला आणि मला वैनगंगेच्या पुलापर्यंत ऐसपैस बसता आलं.

मुलचेऱ्याच्या स्टँडवर एका बंगाली मिठाईवाल्याकडे रसगुल्ले खाल्ले. निर्वासित म्हणून येऊन इथे वसलेल्या बंगाल्यांची गावं आजूबाजूला बरीच आहेत, आणि रसगुल्ल्यापुरता तरी हा तालुका कोलकात्याच्या जवळ आहे. तिथून पुढे जीप. आत मेंढरांसारखी माणसं, टपावर आणखी माणसं, आणि माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी. वसईची सुकेळी (सुकवलेली केळी) भेट म्हणून आणली होती. त्यातली दोन तिने खाल्ली.

चर्च म्हणजे एक लांब कौलारू खोली. मागे दवाखाना, पुढे तलाव. कॅथलिक घरं मोजकी: केरळातून आलेली नर्स, छत्तीसगडचे एक मास्तर, काही इथलीच कुटुंबं. बाकीचं गाव तलावात मासे धरणाऱ्यांचं आणि धान पिकवणाऱ्यांचं. धर्मगुरू फादर मॅथ्यू मूळचे केरळचे. मराठी ते या गावातच शिकले, त्यामुळे त्यांच्या प्रवचनातला देवही इथली झाडीबोली बोलतो. "देव तुले इसरला नाई," असं ते म्हणतात तेव्हा शंका घ्यायला जागाच उरत नाही.

गाण्याची तालीम कधी, असं मी विचारलं. फादरांनी माझ्या हातात टोपला (बांबूची पाटी) दिला.

मग सगळा उलगडा झाला. हे दिवस मोहफुलं पडण्याचे. पहाटे फुलं गळतात, ती तेव्हाच वेचावी लागतात. उशीर झाला की गुरं, हरणं आणि अस्वलं वाटा उचलतात. घराघराचं झाड ठरलेलं असतं आणि वर्षाचं तेलमीठ त्या झाडावर चालतं. त्यामुळे या दिवसांत इथलं माणूस कितीही आजारी असो, दवाखान्यात जात नाही. दवाखाना सांभाळणाऱ्या धर्मभगिनी सिस्टर लिसी समजावून थकल्या होत्या. शेवटी या धर्मग्रामाने उपवासकाळाचं एक व्रत घेतलं: रोगी दवाखान्यात, आणि त्याच्या झाडाखाली आपण. वेचायचं, त्याच्याच अंगणात वाळवायचं, आल्यावर दाखवायचं.

या वर्षीची रोगी पारबताबाई होती. मासेमार घरातली विधवा, एकटी. मोतीबिंदूने तिचा एक डोळा गेलाच होता आणि दुसऱ्यापुढे धुकं आलं होतं. जिल्ह्याच्या गावी बाहेरून आलेला डोळ्यांचा डॉक्टर याच आठवड्यात ऑपरेशनं करणार होता. त्याने सिस्टरना स्पष्ट सांगितलं होतं की पावसाळ्यानंतर पुन्हा येईन, पण तोवर हा डोळा थांबणार नाही.

पारबताबाईने मला समोर बसवून माझे दोन्ही तळवे चाचपले.

"हे हात तं लोन्यासारखे हायत, फादर. हे का येचतीन?"

"बाई, हे गाते बी," फादर म्हणाले.

"गान्यानं मोह पडते का?"

मी तळवे खिशात घातले. अखेर ती तयार झाली, पण अट घालून. तिचं एकही फूल दुसऱ्याकडे जायचं नाही, आणि दुसऱ्याचं एकही तिच्या अंगणात यायचं नाही. तसं कळलं तर ऑपरेशनच्या टेबलावरून उठून घरी येईन, असं तिने बजावलं. पवित्र सप्ताह सुरू होतो त्या झावळ्यांच्या रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) आटोपून सिस्टर तिला घेऊन निघाल्या. जीप वळली तरी तिच्या सूचना चालूच होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही झाडाखाली होतो. फिकट, रसाळ फुलं टपटप पडत होती आणि अख्ख्या जंगलाला गोड, आंबूस वास येत होता. अस्वलांना हे फूल फार प्रिय, म्हणून मास्तर डबा वाजवत होते. मला वेचणं जमत नाही हे पाहून फादरांनी माझी नेमणूक बदलली. मी गायचं. अस्वलं पळवायला पिलाताचा आवाज वापरणारा वसईतला मीच पहिला, याचा मला आजही अभिमान आहे.

मात्र नुसतं गाणं मला कमीपणाचं वाटलं. थोडं पुढे स्वच्छ झाडलेली जमीन दिसली, तिच्यावर फुलांचा सडा. मी गात गात टोपला भरला, ऐटीत आणला आणि पारबताबाईच्या अंगणात ओतायला निघालो. वाटेत खांद्यावर कुऱ्हाड घेतलेला एक उंच माणूस आडवा आला. तो लक्ष्मणभाऊ. ते झाड त्याचं होतं. आणि त्याचं पारबताबाईशी बांधीवरून (धानाच्या शेतावरून) जुनं वैर होतं, हे मला फादरांच्या चेहऱ्यावरून आधी कळलं आणि त्यांच्या तोंडून नंतर.

लक्ष्मणभाऊ म्हणाला की तो आत्ता जीपने जातो आणि तिला सांगतो, तुझ्या अंगणात चोरीचा मोह येऊन राह्यला. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. ती उठून आली असती, यात कोणालाच शंका नव्हती.

मी मफलर काढला आणि हात जोडले. चूक माझी आहे, टोपला तुमचा आहे, मी परका माणूस आहे, असं सगळं म्हणालो.

लक्ष्मणभाऊने टोपल्यात हात घातला, मूठभर फुलं पाहिली.

"आर्धा पाला हाय इच्यात. चोर हायेस तं चांगला तरी चोर."

तो जीपकडे गेला नाही. चोरावर नजर ठेवायची म्हणून पारबताबाईच्या झाडाखाली येऊन उभा राहिला. माझं वेचणं थोडा वेळ पाहिलं. मग कुऱ्हाड बुंध्याला टेकवली, खाली बसला आणि मला शिव्या घालत स्वतःच वेचू लागला. तिसऱ्या टोपल्यापर्यंत त्या शिव्यांना चाल लागली होती. पुढच्या सकाळीही तो आला, आणि नंतर रोजच.

पवित्र गुरुवारी, येशूने शिष्यांचे धुतले तसे, फादरांनी त्या वर्षीच्या वेचणाऱ्यांचे पाय धुतले. माझ्या पायांना रस चिकटला होता, रसाला मुंग्या. फादर एकेक मुंगी बाजूला करत होते. लक्ष्मणभाऊ दाराबाहेर उभा राहून बघत होता. त्याला आत बोलावलं, तर पाय घरी धुतो म्हणाला.

शुक्रवारी मी गायला उभा राहिलो आणि घशातून घोगरा वारा निघाला. सगळा आवाज अस्वलांनी नेला होता. पिलात कसाबसा कुजबुजला. फादर नंतर म्हणाले, पिलाताला लाज वाटलेली आपण पहिल्यांदाच ऐकली.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी पारबताबाई परतली. डोळ्यावर हिरवं फडकं, बाजूला सिस्टर. पट्टी काढली होती, पण वाटेत दिसतं का विचारलं की ती फडकं आणखी खाली ओढून घेई. अख्खं गाव अंगणात जमलं. ती मोहाच्या ढिगाजवळ गेली. वाकायला डॉक्टरांची मनाई होती, म्हणून नर्सने तिला पाटावर बसवलं. तिने फडकं वर केलं आणि ढिगाकडे पाहत राहिली.

मग तिने दोन बोटांनी काहीतरी उचललं.

"हे का हाय? बकरीची लेंडी." ती बाजूला ठेवली. "हा पाला. हा पाला. अन् हा खडा. कोनं येचलं बावा हे, आंधळ्यानं?"

सिस्टर लिसी मटकन ओट्यावर बसल्या आणि पदर नसलेल्या झग्यानेच डोळे पुसू लागल्या. पारबताबाईची मान माझ्याकडे वळली, मग माझ्या पलीकडे.

"अन् लक्ष्मन काऊन माह्या अंगनात?"

"पाला निवडाले," तो म्हणाला, आणि ढिगाच्या दुसऱ्या बाजूला बसला.

वसईला परतल्यावर आमच्या धर्मग्राम मंडळाने मला अनुभव सांगायला उभं केलं. तिकडे जंगलात चर्चचं काम कितपत आहे, आणि गाणं कसं झालं, असं अध्यक्षांनी विचारलं. मी छाती पुढे काढून सांगितलं की गाणं साफ पडलं, आणि पारबताबाईला लेंडी दिसली.

"काय दिसलं?" मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं.

मी पुन्हा सांगितलं, पिलाताच्या आवाजात.